एकाच कुरणाच्या दोन सकाळी

आधी हात पुढे करा. डावा, उजवा, कुठलाही चालेल. साल १९६६, शहर न्यूयॉर्क, मॅनहॅटनच्या पूर्व टोकाला चौदाव्या रस्त्याचा कोपरा. समोर उभा आहे तो मॅक्स न्यूहाउस. तालवाद्यं वाजवणारा, नव्या संगीताच्या मैफलींतून नाव कमावलेला तरुण. त्याने तुम्हाला आणि आपल्या मोजक्या मित्रांना कार्यक्रमाला बोलावलंय, पण इथे सभागृह नाही, व्यासपीठ नाही, एकही वाद्य दिसत नाही. तो प्रत्येकाच्या हातावर रबरी शिक्का मारतो. शिक्क्यात एकच शब्द आहे, ‘लिसन’. ऐका. मग तो चालू लागतो.

पहिली काही मिनिटं अवघडल्यासारखं होतं. बोलायचं नाही, बघायला खास काही नाही, नुसतं एका माणसामागून चालत राहायचं. पण तो इतका मन लावून ऐकतोय की ते तुम्हालाही लागतं. रस्ता ईस्ट नदीच्या दिशेने जातो आणि वीजकेंद्राच्या मधून निघतो. आतल्या यंत्रांची घरघर कानाला कळायच्या आधी छातीत कळते, मग बुटांच्या तळव्यांत. पुढे हमरस्ता ओलांडून तुम्ही त्याच्या कडेकडेने चालता. इथे इंजिनांपेक्षा टायरांचा आवाज जास्त आहे. एकामागून एक फुटणारा आणि ओसरणारा. पादचारी पुलावरून परत फिरल्यावर प्वेर्तो रिकोच्या लोकांची वस्ती लागते, तिथे माणसांचे आवाज आहेत. शेवटी न्यूहाउसच्या घरी पोचल्यावर तो तुम्हाला तालवाद्यांच्या काही रचना वाजवून दाखवतो. एव्हाना तुमचे कान इतके ताजे झालेत की दोन आघातांमधल्या रिकाम्या जागेत खिडकीबाहेरचं शहरही ऐकू येतंय.

प्रवास इथून सुरू करण्याचं कारण आहे. न्यूहाउसने शहराच्या आवाजात कशाचीही भर घातली नाही आणि त्यातून काही काढलंही नाही. बदललात ते तुम्ही. ऐकणाऱ्याच्या सहभागावर उभ्या असलेल्या ध्वनिकलेत पुढे सेन्सर आले, संगणक आले, खोलीभर स्पीकर आले. पण तिचं अर्धं काम ऐकणाऱ्याच्या डोक्यात होतं, हे मला या रस्त्यावरच्या फेरीत जितकं लख्ख दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसतं. तुम्ही थांबलात तर रचना थांबते, वळलात तर वळते.

शिक्का पुसू नका. पुढच्या मुक्कामी तो लागणार आहे.

तारीख २१ जून १९८८. सॅन फ्रान्सिस्कोपासून पूर्वेला मोटारीने साधारण साडेतीन तास, सिएरा नेवाडा पर्वतातलं लिंकन मेडो नावाचं कुरण. अजून फटफटलेलं नाही. जून असला तरी उंचावरची थंडी बोटांना झोंबते. कुरणाच्या मधून ओढा वाहतोय, कडेला सूचिपर्णी झाडांची काळी रेघ आहे. तिवईवर मायक्रोफोन लावून बर्नी क्रॉस बसलाय. हा मूळचा संगीतकार. १९६३ मध्ये ‘द वीव्हर्स’ या गाजलेल्या लोकसंगीताच्या गटात गायला, पुढे सिंथेसायझर अमेरिकन संगीतात रुजवणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याचं नाव आलं. १९६८ मध्ये एका ध्वनिमुद्रिकेसाठी रानातले आवाज हवे म्हणून तो म्यूर वुड्सच्या जंगलात टेपरेकॉर्डर घेऊन गेला आणि तिथे हेडफोनमधून जे ऐकलं त्याने त्याच्या आयुष्याची दिशाच फिरली.

आज तो इथे एका खास कारणाने आलाय. या परिसरात लवकरच लाकूडतोड होणार आहे. कंपनीने गावकऱ्यांना समजावलंय की सरसकट तोड करायची नाही, मधूनमधून निवडक झाडं घ्यायची; निसर्गाला धक्का लागणार नाही. क्रॉसला तोडीआधीचं कुरण टेपवर हवंय. रानात ध्वनिमुद्रण करणारे करतात तसं तो आधी तारीख, वेळ, जागा आणि हवामान बोलून ठेवतो. मग गप्प बसतो.

तुम्हीही बसा. गवत दवाने ओलं आहे, असू दे.

आधी फक्त ओढा. मग त्यावर एक बारीक शीळ, लगेच दुसरीकडून तिला लागून दुसरी. लिंकन्स स्पॅरो, माउंटन क्वेल, किंगलेट अशी नावं क्रॉसला ठाऊक आहेत. तुम्हाला नावांची गरज नाही. बघता बघता आवाज इतके वाढतात की मोजदाद सुटते, आणि तरी गोंगाट होत नाही. हे कसं, याचं उत्तर क्रॉसने आफ्रिकेतल्या मसाई मारात शोधायला सुरुवात केली होती. जिथे प्राणी, पक्षी आणि कीटक हजारो वर्षं एकत्र नांदले, तिथे प्रत्येकाने आपापली पट्टी राखलेली असते. कीटकांचा आवाज एका उंचीवर, बेडकांचा दुसऱ्या, पक्ष्यांचा त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत. आणि जिथे उंची जुळते तिथे वेळा वाटून घेतलेल्या. आठवडी बाजारात मुरलेला विक्रेता शेजाऱ्याच्या आरोळीत आपली आरोळी बुडणार नाही असा सूर धरतो, तसंच काहीसं. या सजीवांच्या एकत्रित आवाजाला क्रॉस ‘बायोफोनी’ म्हणतो. वारा, पाणी, पाऊस यांचा तो ‘जिओफोनी’, आणि माणसाचा ‘अँथ्रोपोफोनी’.

सूर्य वर येतो. हेडफोन काढा. बरोबर एक वर्ष पुढे जायचंय.

जून १९८९. तोच महिना, तीच वेळ, तीच जागा, तसंच हवामान. तोड होऊन गेली आहे. तुम्ही धास्तावून डोळे उघडता, बुंधे आणि उजाड उतार दिसतील म्हणून. दिसतं काय, तर कुरण. गवत हिरवं, ओढा वाहता, कडेला झाडांची तीच रेघ. फोटो काढून गेल्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवलात तर लहान मूलही म्हणेल की दोन्ही एकच. कंपनी खरं बोलली, असं क्षणभर वाटून जातं.

आता ऐका. ओढा आहे. थोड्या वेळाने लाकडावर चोच आपटल्याचा टकटकाट. सुतार पक्ष्याच्या कुळातला एक सॅपसकर. मग पुन्हा ओढा. तुम्ही वाट बघता, पहाट उशिरा होत असेल म्हणून आणखी थांबता. उजाडतं, ऊन गवतावर उतरतं, आणि ओढ्याच्या वर कोणी काही बोलत नाही.

पुढच्या पंचवीस वर्षांत क्रॉस इथे पंधरा वेळा आला. गेलेला आवाज परतला नव्हता.

या सकाळी जरा जास्त वेळ थांबा, कारण माझ्या मते या सगळ्या कलेचा गाभा इथे आहे. डोळ्याला नुकसान दिसलं नाही आणि कानाला ऐकू आलं, एवढ्यावर ही गोष्ट बहुतेक वेळा सांगून संपवली जाते. पण नुसत्या कानालाही ते कळलं नसतं. या कुरणात १९८९ मध्ये कोणी पहिल्यांदाच आलं असतं, तर काय म्हणालं असतं? किती शांत जागा आहे! पाठीवरची पिशवी उतरवून, ओढ्याच्या पाण्यात पाय सोडून तो माणूस मनापासून सुखावला असता. तो खोटा नव्हे. त्याच्याजवळ आदली सकाळ नाही, इतकंच. तुमच्याजवळ ती आहे, कारण तुम्ही काळात उलटसुलट फिरताय, आणि कारण एका माणसाने थंडीत बसून ती टेपवर घेतली होती. शांततेचं आपल्याला फार कौतुक आहे. शहरातून पळून आपण तिच्याच शोधात डोंगरावर जातो. पण निरोगी रान शांत नसतं, आणि पहाटे तर मुळीच नसतं.

लाकूडतोडीत निदान बोट दाखवायला करवत तरी असते. पुढच्या मुक्कामी तीही नाही.

कॅलिफोर्नियातच सोनोमाच्या डोंगरात, क्रॉसच्या घरापासून जवळ, शुगरलोफ रिज नावाचं राखीव उद्यान आहे. तिथल्या एका जुन्या मेपलच्या झाडाजवळ तो १९९३ पासून ध्वनिमुद्रण करतोय. तुम्ही २००४ च्या एप्रिलमध्ये उतरा. ओढा खळाळतोय, पक्ष्यांची दाटी आहे. पाच वर्षं पुढे, २००९: अजून भरलेलं, जरा विरळ. पुन्हा पाच वर्षं, २०१४: काहीतरी चुकल्यासारखं वाटतं आणि मग लक्षात येतं की ओढ्याचा आवाजच नाही. कॅलिफोर्नियाचा मोठा दुष्काळ सुरू होऊन तिसरं वर्ष आहे. आणखी एक वर्ष, २०१५. या एप्रिलच्या पहिल्या तारखेला सिएरा नेवाडावरच्या बर्फाची मोजणी झाली, तेव्हा तो सरासरीच्या जेमतेम ५ टक्के भरला. मेपलखाली तुम्ही उभे आहात. ऐन वसंत आहे, विणीचा हंगाम, आणि पक्ष्यांचं गाणं जवळजवळ नाही. कोणी काही तोडलेलं नाही. फक्त पाणी नाही. म्हणून कीटक नाहीत, आणि कीटक नाहीत म्हणून पिलांना भरवायला काही नाही.

आता पॅरिस, २०१६ चा उन्हाळा. रास्पाय बुलेव्हारवर वास्तुकार झाँ नूव्हेलने बांधलेली फोंडासियाँ कार्तिएची काचेची इमारत. आत ‘द ग्रेट अ‍ॅनिमल ऑर्केस्ट्रा’ हे प्रदर्शन चालू आहे. अंधाऱ्या दालनात शिरा, डोळे सरावू द्या, मग जमिनीवर बसा. क्रॉसचे आवाज आणि लंडनच्या ‘युनायटेड व्हिज्युअल आर्टिस्ट्स’ या गटाने त्यांना दिलेलं दृश्य रूप तुमच्याभोवती आहे. भिंतींवरून प्रकाशाची नक्षी सरकतेय. हा आवाजाचा आलेख आहे: आडवा काळ, उभी स्वराची उंची, आणि जिथे आवाज मोठा तिथे उजेड जास्त. मध्य आफ्रिकेतलं झांगा-सांगा, अ‍ॅमेझॉनचं खोरं, समुद्राचं पोट. कीटकांचा सलग पट्टा सरळ रेषेत जातो, पक्षी त्याच्याखाली आखूड कमानी काढतात, तळाशी एखादा मोठा प्राणी गुरगुरतो तेव्हा उजेडाचा डाग उमटतो. मसाई मारातली ती पट्ट्यांची कल्पना इथे नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. या दालनात रिकामी पट्टी दिसली की ती कोणाची होती हा प्रश्न आपोआप पडतो, आणि मला वाटतं तो पडावा यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

क्रॉसच्या संग्रहात ५,००० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण आहे आणि १५,००० हून जास्त जातींचे आवाज. त्यांतले निम्मे ज्या अधिवासांतून आले ते आता इतके बदललेत की तिथे तसं काही ऐकू येत नाही. काही तर साफ मुके झालेत. त्याने जमवायला घेतलं तेव्हा ही निसर्गाची वही होती. चाळीस-पन्नास वर्षांत तिची निम्मी पानं मृतांची नोंद झाली.

प्रदर्शनातून बाहेर पडताना तुम्हाला पुढचं माहीत आहे. दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबर २०१७ च्या एका रात्री, सोनोमाच्या टेकड्यांवरून वणवा उतरेल आणि क्रॉसचं घर जळून जाईल. तो आणि त्याची पत्नी जेमतेम निसटतील. वाद्यं, वह्या, कागदपत्रं राहणार नाहीत. ध्वनिसंग्रहाच्या प्रती दुसरीकडे ठेवल्या होत्या म्हणून लिंकन मेडोची ती पहिली सकाळ वाचेल.

मागे या, २००८ पर्यंत. इंग्लंडमधलं एक कलादालन. पांढऱ्या भिंतीवर निऑनच्या नळीने लिहिलेला फोन नंबर, आणखी काही नाही. केटी पॅटरसन या स्कॉटिश कलावंताची ही कलाकृती. खिशातून फोन काढा आणि लावा. पलीकडे उचलतं ते आइसलँड: व्हाटनाजोकुल या अवाढव्य हिमाच्छादनाच्या पायथ्याचं जोकुल्सारलोन नावाचं तळं. तळ्यात सोडलेला पाण्याखालचा मायक्रोफोन, त्याला जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि एक मोबाइल. जगातून कुठूनही फोन करा, हिमनदी त्या क्षणी जे बोलतेय ते ऐका.

ऐकू काय येतं? ठिबकणं, लांबून आल्यासारखा एखादा कडाड, आणि त्याखाली बारीक चुरचुर. ही चुरचुर मन लावून ऐका. बर्फ पडताना हिमकणांच्या मध्ये हवा अडकते. वरून नवे थर बसत गेले की खालचा बर्फ घट्ट होतो आणि ती हवा बारीक बुडबुड्यांत दाबली जाते. शेकडो वर्षांनी हिमखंड पाण्यात वितळू लागतो, बुडबुड्याची भिंत फुटते आणि दाबलेली हवा चट्कन सुटते. तुमच्या कानाशी सुटलेला एखादा श्वास कदाचित इकडे शिवाजी महाराज गड बांधत होते तेव्हाचा असेल. तुम्ही इतका वेळ वर्षांमागून वर्षं उड्या मारताय. इथे काळच तुमच्याकडे येतोय, साध्या फोनवरून.

फोन चालू ठेवून १९३० च्या आधी जाऊन या. तळं सापडणार नाही. त्या काळी हिमनदी जवळजवळ समुद्रापर्यंत पोचलेली होती. ती मागे सरत गेली आणि १९३५ च्या सुमाराला तिने खोदलेल्या खळग्यात पाणी साचू लागलं. आज ते आइसलँडमधलं सर्वांत खोल तळं आहे, २४० मीटरहून जास्त. म्हणजे तुम्ही ज्या आवाजावर एवढे लुब्ध झालात तो शंभर वर्षांपूर्वी तिथे नव्हता. कॅलिफोर्नियात ऱ्हासाने आवाज काढून घेतला. इथे ऱ्हासच आवाज करतोय, आणि तो सुंदर आहे. ही फार अवघड गोष्ट आहे. पॅटरसनने ती कुठल्याही उपदेशाशिवाय तुमच्या कानाशी धरली आणि नंबर फिरवण्याची कृती तुमच्यावर सोपवली, म्हणून मी तिला या प्रवासातली मोठी कलावंत मानतो. वितळण्याचा आवाज आवडला, ही जबाबदारी आता तुमचीही आहे.

त्याच सुमाराला तिने आणखी एक गोष्ट केली. तीन हिमनद्यांचे आवाज टिपले, त्याच हिमनद्यांचं वितळलेलं पाणी पुन्हा गोठवून त्यांच्या तबकड्या केल्या आणि तीन टर्नटेबलांवर एकाच वेळी वाजवल्या. सुई फिरतेय, बर्फ पाझरतोय, हिमनदीच्या आवाजात हळूहळू खरखर मिसळतेय. मग कुठला आवाज आत टिपलेला आणि कुठला आत्ता वितळणाऱ्या तबकडीचा, हे सांगता येईनासं होतं. सुमारे दोन तासांत तबकड्यांचं पाणी झालं.

आता २०२०, एप्रिल-मे. हा काळ तुम्ही स्वतः जगलात. आपल्याकडेही टाळेबंदीत गच्चीत उभं राहून माणसं म्हणत होती, पक्षी केवढ्यांदा ओरडताहेत! सॅन फ्रान्सिस्कोत चला. तिथल्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोची गाणी शास्त्रज्ञांनी टाळेबंदीआधीही मोजली होती, म्हणून तुलना करता आली. रहदारी थांबून शहराचा गोंगाट १९५० च्या दशकाइतका खाली आला होता. आणि पक्षी? ते पूर्वीपेक्षा हळू गात होते. गोंगाटावर मात करायला जो घसा ताणावा लागत होता तो त्यांनी सैल सोडला, खालचे सूर परत घेतले, आणि तरीही गाणं आधीपेक्षा दूरवर पोचत होतं. ते ओरडत नव्हते. आपण पहिल्यांदा त्यांच्या आवाजाच्या जवळ आलो होतो. जवळपास सत्तर वर्षं मागचं शहर काही आठवडे सगळ्यांच्या कानांवर होतं आणि माणसांना वाटत राहिलं की पक्ष्यांनीच आवाज वाढवलाय.

उतरा आता, तुमच्या स्वतःच्या घरी. उद्या पहाटे. दयाळ अजून बोलतो ना तुमच्याकडे? तांबटाची ती एकसुरी टुकटुक? की पारव्यांचं घुमणं आणि पहिल्या रिक्षाची किक? जे असेल ते. खिडकीच्या कट्ट्यावर फोन ठेवा. ध्वनिमुद्रणाच्या अ‍ॅपमध्ये पार्श्वभूमीचा आवाज गाळण्याची सोय असेल तर आधी ती बंद करा. रातकिडे आणि लांबचे पक्षी यंत्राला कचराच वाटतात. तारीख अशी धरा की पुढच्या वर्षीही तीच पाळता येईल. सुरुवातीला तारीख, वेळ, गाव, हवा कशी आहे ते बोला. त्यानंतर दहा मिनिटं खुर्चीत हलू नका. ती करकरली तर २०५० मधल्या माणसाला तीही ऐकू जाईल.